ओव्हरमोल्डचं रबर परत परत सुटतंय? टेंपरेचर वाढवायच्या आधी हे बघा

हा प्रॉब्लेम या धंद्यातल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ग्रिपवाला कुठलाही पार्ट घ्या, ड्रिल मशीनची बॉडी, स्क्रू ड्रायव्हर, मिक्सरचा नॉब, टूथब्रश, खाली कडक प्लास्टिक आणि त्यावर मोल्ड केलेलं मऊ टीपीई, म्हणजे वितळवून मोल्ड करता येणारं रबर; यालाच ओव्हरमोल्ड म्हणतात. ट्रायल झकास होते, सँपल अप्रूव्ह होतं, पहिले लॉट निघून जातात आणि मग एक दिवस क्वालिटीवाला नखाने कड उचकटून दाखवतो की बघा, रबर सरळ सोलून निघतंय. सेटर (मशीन लावणारा) बॅरलचं टेंपरेचर दहा डिग्री चढवतो, स्पीड वाढवतो, होल्ड (भरल्यानंतरचा दाब) वाढवतो, दोन दिवस बरं चालतं, मग फ्लॅश (कडेने बाहेर येणारा जादा पापुद्रा) यायला लागतो म्हणून रात्रपाळीवाला सगळं परत खाली आणतो आणि रबर परत सुटतं. मग मीटिंग, मग आठ डी (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट), त्यात "ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं" असं लिहून फाईल बंद. पुढच्या पावसाळ्यात तोच पार्ट, तीच तक्रार.

माझं म्हणणं एवढंच आहे की मशीनला हात लावायच्या आधी सुटलेली जागा नीट बघा. बहुतेक वेळा खोट मशीनमध्ये नसते, ती खालच्या प्लास्टिकच्या पृष्ठभागावर असते नाहीतर ड्रॉइंगवर असते, आणि पॅरामीटर फिरवून ती फक्त थोडे दिवस झाकली जाते.

बघायचं कसं, तर पार्ट मशीनवरून काढल्या काढल्या ओढून बघू नका, गरम पार्ट काहीही सांगतो. एक दिवस पडू द्या. मग कटरने रबरात साधारण १० मिमी रुंदीची पट्टी कापा, एक टोक सोडवा, पकडीत धरा आणि ९० अंशात हळूहळू ओढा, झटका नको. फोर्स मोजायचा असेल तर टेन्साइल मशीनवर हेच करता येतं, त्यासाठी व्हीडीआय २०१९ नावाची जर्मन गाईडलाईन आहे (हा तिचा नंबर आहे, साल नाही). पण रोजच्या शोधाला पकड पुरते, कारण आकड्यापेक्षा खालचं चित्र महत्त्वाचं.

चित्र म्हणजे काय, तर रबर ओढल्यावर खाली काय उरलं ते. प्लास्टिकवर रबराचे फाटके तुकडे चिकटून राहिले असतील तर चिकटण्याचं काम झालेलं आहे, रबर स्वतः फाटलंय, तुमचा प्रॉब्लेम जाडीचा, कडेचा नाहीतर रबराच्या ताकदीचा आहे. प्लास्टिक चकचकीत स्वच्छ निघालं, गेट (रबर जिथून मोल्डमध्ये शिरतं ते तोंड) जवळसुद्धा आणि लांबसुद्धा, तर बाँड कधी झालाच नव्हता, तिथे मटेरियल, ओल आणि घाण यातलं काहीतरी शोधायचं. गेटजवळ फाटतंय आणि शेवटच्या टोकाला स्वच्छ निघतंय असं असेल तर रबर टोकापर्यंत पोचताना थंड झालंय किंवा तिथे हवा अडकलीय. आणि मधे पक्कं पण कडेनेच उचलतंय तर डिझाइनवाल्याला फोन लावा. एवढी विभागणी केली तरी अर्धं काम होतं, आणि मीटिंगमध्ये बोलायला हातात पार्ट असतो.

आता मटेरियल. "टीपीई" म्हणजे एकच काहीतरी असतं असा परचेसचा पक्का समज असतो. तसं नाहीये. आपल्याकडे ग्रिपला जो दाणा (कच्चा माल) जास्त चालतो तो एसईबीएस बेसचा, म्हणजे टीपीईचाच एक प्रकार, तो पीपीवर (पॉलीप्रोपिलीन) सहज चिकटतो कारण दोघांचा स्वभाव जुळतो, वितळून एकमेकांत मिसळतात. तोच साधा दाणा एबीएस किंवा पीसी (पॉलीकार्बोनेट) या प्लास्टिकवर टाकला तर बसल्यासारखा दिसेल पण चिकटणार नाही, त्यासाठी मॉडिफाय केलेला वेगळा ग्रेड लागतो, नाहीतर टीपीयू (पॉलीयुरेथेनचं टीपीई) घ्या, तो एबीएस, पीसी आणि त्यांच्या ब्लेंडवर चांगला धरतो. नायलॉनला अजून वेगळा ग्रेड, त्यात मॅलिक अॅनहायड्राइड जोडलेलं असतं जे नायलॉनच्या अमाइन टोकांशी चक्क रिअॅक्शन करतं. आणि पीओएम म्हणजे अॅसिटलवर केमिस्ट्रीच्या भरवशावर राहूच नका, तिथे भोकं आणि खाचा देऊन रबराला अडकवायचं.

गोची अशी होते की दुसरा सप्लायर येतो, सांगतो सेम शोर (मऊ-कडकपणाचा आकडा), सेम काळा, किलोमागे एवढे कमी, आणि परचेस खूश. शोर जुळला म्हणजे हात लावल्यावर तेवढंच मऊ लागेल, चिकटण्याशी त्याचा काहीच संबंध नाही. उलटही होतं, रबर तेच असतं पण खालचं प्लास्टिक बदललेलं असतं. नायलॉन तेच, ३० टक्के ग्लास तीच, पण ग्रेड हीट स्टॅबिलाइज्ड घेतला, किंवा पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून दाण्यातच जास्त लुब्रिकंट आहे, आणि बाँड गेला. म्हणून दोन्ही बाजूंच्या बॅगवरचा पूर्ण ग्रेड नंबर वाचा, "पीए सिक्स जीएफ थर्टी" एवढ्याने काही कळत नाही. सप्लायरला विचारतानाही "नायलॉनवर चालेल का" असं विचारू नका, आपला नेमका ग्रेड सांगा, त्याच्या चार पट्ट्या पाठवा आणि ओढून दाखव म्हणा.

मास्टरबॅचवर (दाण्यात मिसळायचा रंग) तर मी वेगळं भांडायला तयार आहे. काळा पार्ट मस्त, केशरी सुटतोय, किंवा गेल्या महिन्यात केशरी चालत होता आणि आता सुटतोय, असं दिसलं की पहिली शंका तिथेच घ्या. बाजारात "युनिव्हर्सल" म्हणून जे मिळतं ते सगळ्यात चालावं म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ आणि स्टिअरेट भरपूर असतात, आणि ते नेमके पृष्ठभागावर येऊन बसतात. खालच्या प्लास्टिकात टाका की वरच्या रबरात, दोन्हीकडून मार. तपासायला फार सोपं आहे, मास्टरबॅच न टाकता नॅचरल दाण्याचे थोडे शॉट काढा आणि दुसऱ्या दिवशी ओढा. नॅचरल धरतंय आणि रंगीत सुटतंय तर गुन्हेगार सापडला, मग ज्या बेसचं रबर त्याच बेसचा मास्टरबॅच मागवा आणि डोसही रंग उतरेल एवढाच ठेवा, पिशवीतून अंदाजाने ओतू नका.

आता पावसाळा, यावर जरा जास्त लिहितो कारण पुण्या-नाशिककडे नायलॉनच्या पार्टला हीच सगळ्यात चिवट केस असते. जूनमध्ये सुरू होतं, दिवाळीनंतर आपोआप बरं होतं, आणि मधल्या काळात ज्याने जे शेवटचं बदललं त्याला वाटतं माझ्यामुळे बरं झालं! नायलॉन ६ हवेतलं पाणी पितो. ५० टक्के आर्द्रतेत राहिला तर अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास, आणि पूर्ण भिजला तर नऊ टक्क्यांच्या वर. ग्लास भरलेल्या ग्रेडमध्ये आकडा कमी कारण ग्लास पीत नाही, पण पृष्ठभागावर व्हायचं ते होतंच. आता आपल्याकडे काम कसं चालतं ते आठवा. पहिला शॉट, म्हणजे खालचं प्लास्टिक, भोसरीत एकाकडे, पार्ट क्रेटमध्ये भरून टेंपोतून चाकणला, तिथे आठवडाभर उघड्या क्रेटमध्ये पडून, मग दुसऱ्या मशीनवर इन्सर्ट म्हणून लावून वर रबर. दोनशे-सव्वादोनशे डिग्रीचं रबर त्या ओलसर पृष्ठभागावर आलं की तिथल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ नेमकी दोघांच्या मधे येते. कधी कधी रबराच्या पाठीमागच्या बाजूला बारीक बारीक फोड दिसतात, सुटलेल्या रबराची आतली बाजू उलटी करून उजेडात तिरकी धरून बघा, कळतं.

आणि अजून एक, हे तर मजेशीर आहे. बऱ्याच ठिकाणी नायलॉनचे पार्ट ठिसूळ राहू नयेत म्हणून मुद्दाम गरम पाण्यात टाकतात, कंडिशनिंग म्हणून. क्लिप किंवा स्नॅप असेल तर ते बरोबरच आहे. पण ते ओव्हरमोल्डच्या आधी केलं तर आपणच पार्टला पाणी पाजून वर रबर चिकटायची वाट बघतोय. प्रोसेस शीटवर क्रम बघा, कंडिशनिंग रबर चढल्यावर.

यावर उपाय दोन-तीन आहेत, परवडेल तो करा. सगळ्यात चांगला म्हणजे दोन्ही शॉट एकाच छपराखाली, पहिल्या मशीनवरून पडला की थोड्या वेळात दुसऱ्यावर. ते जमत नसेल तर पार्ट मोल्ड झाल्यावर लगेच जाड पॉली बॅगमध्ये, अॅल्युमिनियमची पिशवी असेल तर उत्तम, तोंड सील करून, आणि बॅग फक्त मशीनजवळ आणि लागेल तेवढीच उघडायची. तेही हुकलं असेल तर इन्सर्ट ८० डिग्रीला ड्रायरमध्ये घाला, साध्या ओव्हनमध्ये बाहेरची ओली हवाच गरम होऊन फिरते त्यामुळे डीह्युमिडिफायर असलेला बरा. वेळ जाडीवर अवलंबून आहे, पार्टचं वजन करून बघा, वजन उतरायचं थांबलं की झालं. रात्रभर जास्त टेंपरेचरला विसरून ठेवलं तर नायलॉन पिवळा पडतो आणि वरचा थर खराब होऊन बाँड अजून बिघडतो. गरम इन्सर्ट तसाच टूलमध्ये (मोल्डमध्ये) लावला तर प्रीहीटिंगचाही फायदा मिळतो, ऑपरेटरला ग्लोव्हज द्या, नाहीतर तो थंड व्हायची वाट बघणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही. रबराचा दाणाही सुकवायला विसरू नका, साधा पीपीवाला ग्रेड बिना ड्राय चालून जातो म्हणून सगळ्यांना सवय लागलीय, पण एबीएस-नायलॉनवर चिकटणारे ग्रेड आणि टीपीयू ओल धरतात, त्यांच्या डेटाशीटवर ड्रायिंग लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही.

घाणीचं म्हणाल तर नंबर एक सिलिकॉन स्प्रे. "आम्ही वापरत नाही" असं सगळे म्हणतात, मग शेजारच्या मशीनवर एक माणूस फुस्स करून मारताना दिसतो आणि तो धुरळा पंख्याच्या हवेने थेट तुमच्या क्रेटवर येतो. नंतर इजेक्टर पिनचं ग्रीस, हाताचा घाम, आणि धुतलेल्या क्रेटच्या तळाशी राहिलेलं तेल. याची टेस्ट अशी करा, एकाच क्रेटमधले थोडे इन्सर्ट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, मागे मार्करने खूण करा, पूर्ण सुकू द्या, न पुसलेल्यांबरोबर आलटून पालटून चालवा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही ओढा. फरक दिसला तर घाण, नाही दिसला तर पुसत बसण्यात अर्थ नाही, वरच्या दोन गोष्टींकडे परत जा. फक्त थिनर किंवा अॅसिटोन घेऊ नका, एबीएस आणि पीसी त्यात विरघळतात नाहीतर बारीक तडे जातात.

आता डिझाइनवाल्यांसाठी, कारण कडेने उचलणारं रबर कुठलाही सेटर बरा करू शकत नाही. स्टायलिंगवाल्यांना रबर हळूहळू पातळ होत प्लास्टिकमध्ये विरून जाताना फार सुंदर दिसतं, स्क्रीनवर. खऱ्या पार्टवर ती शून्याला जाणारी कड म्हणजे जुन्या स्टिकरचा कोपरा, हात लागला की उचलणारच. एकतर तिथे रबर भरेपर्यंत गार होतं म्हणून चिकटत नाही, दुसरं म्हणजे टूलमध्ये तिथे नीट शटऑफ (रबर अडवणारी कड) मिळत नाही म्हणून कधी शॉर्ट (अपुरं भरलेलं) कधी फ्लॅश. कड नेहमी उभ्या पायरीवर संपवा, प्लास्टिकमध्ये सगळीकडून ०.५ ते ०.८ मिमी खोलीची खाच फिरवा आणि रबर त्या खाचेच्या भिंतीला टेकून थांबू दे. रबराचा वरचा पृष्ठभाग प्लास्टिकपेक्षा केसभर खाली ठेवला तर बोट घासताना कडेला अडकत नाही, कड उचलायला कोणाला सापडतच नाही.

जाडी १.५ ते ३ मिमी असली की सुखी राहाल. एक मिमीच्या खाली लांबवर रबर न्यायला गेलात तर उष्णता उरत नाही. आणि इथे एक गंमत आहे, कस्टमर म्हणतो ग्रिप कडक लागतेय, मऊ दाणा द्या, म्हणून शोर ६० चा ४० करतात आणि तरी कडकच लागते, वर नवा ग्रेड म्हणून बाँडिंगची कटकट सुरू. शोर मोजतात तो ६ मिमी जाडीच्या तुकड्यावर, तुमच्या पार्टवर एक मिमी रबर आणि खाली दगडासारखं नायलॉन, बोटाला नायलॉनच लागणार. जाडी वाढवा, दाणा नका बदलू. फक्त रबर खालच्या प्लास्टिकपेक्षा जाड करू नका, रबर जास्त आकसतं आणि लांब पार्ट धनुष्यासारखा वाकतो, मग सरळ राहायच्या नादात टोकाला ताण येऊन तिथून सुटतं.

जिथे जागा आहे तिथे केमिकल बाँड असला तरी आरपार भोकं द्या, रबर मागे जाऊन बटणासारखं पसरेल, किंवा टोकं पार्टला वळसा घालून मागे न्या. टोकदार कोपरे नकोत, गोलाई द्या. आणि पोकळ पार्टला आतून टूलमध्ये आधार आहे का हे टूलरूमला विचारा, कारण रबराच्या प्रेशरने पातळ भिंत आत दबते, प्रेशर गेल्यावर परत बाहेर येते आणि नुकतंच बसलेलं रबर हलतं. मल्टि कॅव्हिटी टूल (एका शॉटमध्ये अनेक पार्ट काढणारं) असेल तर सुटणाऱ्या पार्टवरचा कॅव्हिटी नंबर लिहून ठेवा, एकाच कॅव्हिटीचे येत असतील तर तो इन्सर्ट बसण्याचा म्हणजे मापाचा प्रॉब्लेम आहे, केमिस्ट्री तिथे शोधत बसू नका.

एवढं सगळं बघून झालं आणि मग मशीन. टोकाला सुटत असेल तर आधी मेल्ट टेंपरेचर डेटाशीटच्या वरच्या टोकाकडे न्या, सेटिंगवर विश्वास न ठेवता पर्जमध्ये (मशीनमधून बाहेर काढलेला वितळलेला माल) प्रोब घालून खरं किती आहे ते मोजा. मग स्पीड, एसईबीएस स्पीडने पातळ होतं, हळू भरलं तर टोकाला पोचेपर्यंत थिजतं. मग व्हेंट (हवा निघायच्या बारीक फटी) साफ आहेत का बघा, टीपीईला व्हेंट ०.०१ ते ०.०२ मिमीच असतात, पटकन बुजतात, आणि अडकलेली हवा म्हणजे तिथे बाँड नाही. गेट जाड भागात हवं, पातळ टोकातून भरून जाडाकडे नेलंय असं टूल असेल तर गेट हलवण्याचा खर्च एकदाच करून टाका. टू-शॉट रोटरी टूलमध्ये (एकाच मशीनवर फिरून दोन्ही थर भरणारं) खालचं प्लास्टिक अजून गरम असतानाच रबर येतं म्हणून तिथे बाँड मुळातच चांगला मिळतो, पण चहाच्या सुट्टीनंतरचे किंवा लाईट जाऊन आल्यावरचे पहिले शॉट बाजूला काढा. ते चांगल्या मालात मिसळले की हजारात काही पीस सुटणारे निघतात आणि कारण कधीच सापडत नाही.

एक केस वेगळी, कारखान्यात पक्कं आणि सहा महिन्यांनी कस्टमरकडे सुटतंय. आधी विचारा की वापरतो कोण. एसईबीएसमध्ये मुळातच तेल असतं आणि बाहेरचं तेलही ते पितं, फुगतं, मऊ पडतं आणि फुगलेलं रबर कडेने उचलतं. गॅरेजमध्ये ग्रीसच्या हाताने धरायचं टूल असेल तर एसईबीएस ही निवडच चुकीची, टीपीयू किंवा तेलाला टिकणारा ग्रेड घ्या आणि खाचा-भोकं द्याच. टेस्टही तशीच, पार्ट ज्यात राहणार त्या तेलात बुडवून, गरम ठेवून, मग ओढा.

राहिला सुटलेला माल. फेव्हिक्विक प्रकारचं काही लावून चिकटवून पाठवू नका, ते एसईबीएस आणि पीपीवर प्रायमरशिवाय धरत नाही आणि सुकून ठिसूळ होतं, परत येणारच. रबर सोलून त्याच इन्सर्टवर दुसरा शॉट मारायचा मोह आवरा, त्यावर रबराचं तेल राहिलेलं असतं. पीपीवर एसईबीएस असेल तर सरळ ग्राइंड करून हलक्या पार्टमध्ये थोडं थोडं वापरता येतं, दोघं एकमेकांत चालतात. नायलॉनचं मात्र रबर काढल्याशिवाय ग्राइंडरला टाकू नका आणि त्यातून आलेला दाणा परत इन्सर्टच्या हॉपरमध्ये तर अजिबात नाही, कारण पुढच्या लॉटला कशामुळे सुटलं हे शोधताना अजून एक शंका वाढते.